शिदोरीतला साचा

स्वतःच्याच घराची बेल वाजवून सलोमी लोंढे दाराबाहेर उभी राहिली. किल्ली पर्समध्ये होती. पण किल्लीनं दार उघडून आत गेलं की काय होतं ते तिनं एकदा पाहिलं होतं, आणि पुन्हा पाहायची तिची तयारी नव्हती. म्हणून रोज संध्याकाळी ती परक्या माणसासारखी बेल वाजवायची. दोन आखूड टोले, एकापाठोपाठ एक.

आतून सपाता फरफटत आल्या. दार उघडलं.

“कुंदा होय,” करुणाबाई म्हणाल्या. “मला वाटलंच. तुझी बेल कळते मला. ये, चहाचं आधण ठेवलंय.”

“दमला नाहीत ना आज, सिस्टर?”

“बसून कोण दमतं गं? ती रंजना मला कपबशीसुद्धा उचलू देत नाही. तिला म्हटलं, बाई, जन्मभर मी पेशंट उचलले, मला कपबशी जड होणार आहे का?”

करुणाबाईंची सगळी हयात मिरजेतल्या एका इस्पितळात नर्स म्हणून गेली होती. गल्लीत, चर्चमध्ये, भाजीवाल्याकडे त्या सगळ्यांच्या सिस्टर होत्या. एकाच व्यक्तीनं त्यांना कधी सिस्टर म्हटलं नव्हतं, कारण ती त्यांची मुलगी होती. आता तीही म्हणत होती.

चहा झाला. करुणाबाईंनी खिडकीच्या कट्ट्यावरची कागदाची पुडी उचलून टेबलावर ठेवली. पुडीत भडंग होतं. सोबतीला ठेवलेली रंजना दुपारी आणायची. त्यातलं अर्धं त्या स्वतः खायच्या आणि अर्धं कागदात गुंडाळून कुंदासाठी ठेवायच्या.

“खा. लसूण जास्त घातलाय मेल्यानं, पण कुरकुरीत आहे.”

सलोमीनं मूठभर भडंग तोंडात टाकलं. समोरच्या भिंतीवर तिचाच फोटो होता, पदवीदानाच्या दिवशीचा. करुणाबाईंची नजर तिकडे गेली.

“माझ्या मुलीलाही आवडतं,” त्या म्हणाल्या. “आधी शेंगदाणे वेचून खायची आणि नुसते चुरमुरे आमच्यासाठी ठेवायची. बोलणी खायची त्यापायी.”

“येत नाही का ती हल्ली?”

“नाही.” करुणाबाईंनी कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. “मध्ये एक बाई आली होती, तिचं नाव सांगत. हुबेहूब तीच. तोच हनुवटीवरचा तीळ, तशीच एका पायावर भार देऊन उभी. पण ती नव्हती. आईला कळतं ना. हाकलली मी तिला.” मग सलोमीकडे बघून त्या हसल्या. “तूही दिसायला तशीच आहेस थोडी. पण तू बिचारी सोंग तर घेत नाहीस.”

सलोमीनं पुडीतले शेंगदाणे बाजूला सारले आणि फक्त चुरमुरे खाल्ले.

करुणाबाईंना असं का वाटत होतं ते कळायला आधी सेतू म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं.

आपण ओळखीचा चेहरा पाहतो तेव्हा मेंदूत दोन कामं एकाच वेळी चालतात. एक भाग सांगतो, हा चेहरा अमक्याचा. दुसरा भाग काहीच सांगत नाही, तो नुसती ऊब देतो. छातीत काहीतरी हलतं आणि आपल्याला वाटतं, हा आपला माणूस. पहिलं काम शाबूत राहिलं आणि दुसरं बंद पडलं, तर माणूस आपल्या बायकोकडे बघून म्हणतो, दिसते तर तिच्यासारखीच, पण ही कुणीतरी तोतया आहे. अशी माणसं डॉक्टरांनी पूर्वीपासून पाहिलेली आहेत. ऊब आली नाही, की मेंदू बिचारा त्याचं कारण शोधायला लागतो, आणि त्याला सापडणारं सगळ्यात सोपं कारण म्हणजे समोरचा माणूस खोटा आहे.

विस्मरणाच्या आजारात हळूहळू ही दोन्ही कामं बंद पडतात. सेतू ती पुन्हा सुरू करायचा. चष्म्याच्या काडीत मुगाच्या दाण्याएवढा कॅमेरा आणि कानामागे कातडीवर बसवलेली एक चकती, एवढंच ते यंत्र. कॅमेऱ्याला चेहरा दिसला की चकती दूरच्या डेटाबेसला विचारायची, हा कोण? तिकडून त्या नात्याची साठवलेली नोंद यायची आणि चकती मेंदूला दोन इशारे द्यायची, एक नावाचा आणि एक उबेचा. आता ऊब म्हणजे नुसती माया नव्हे. धाक, राग, जुना अबोला, सगळं तिच्यात यायचं. नातं जसं असेल तसं. पेशंटची थोडीफार आठवण शिल्लक असतानाच घरच्या माणसाला त्याच्यासमोर बसवून ही नोंद करून घ्यायची, आणि पुढे नवी ओळख झाली की यंत्र आपणहून नवी नोंद करायचं.

सलोमी सेतू बनवणाऱ्या कंपनीतच काम करत होती. चकती आणि डेटाबेस यांच्यामधली वेब सर्व्हिस तिच्याच हाताखाली घडली होती.

आणि करुणाबाईंना सेतू नको होता.

“मी वॉर्डात म्हातारी माणसं पाहिलीत,” आजाराची चाहूल लागली तेव्हाच त्यांनी बजावलं होतं. “विसरण्यातही एक सुटका असते, सलू. माझी पाळी आली की मला विसरू दे. मला यंत्रबिंत्र चिकटवू नकोस.”

सलोमीनं तेव्हा मान डोलावली होती. पण एका सकाळी आईनं तिच्याकडे बघून अगदी अदबीनं विचारलं, “आपण कुठल्या?” आणि ते मान डोलावणं तिथंच संपलं. मुलगी या नात्यानं तिनं संमतीच्या कागदावर सही केली. नोंद करून घ्यायच्या दिवशी आईची आठवण कधी येत होती, कधी जात होती. नेमकी यंत्र सुरू असताना ती लख्ख आली.

“हे तू माझ्यासाठी नाही केलंस,” आई म्हणाली. “तुला कुणीतरी सलू म्हणावं, म्हणून केलंस.”

यंत्रानं तेही साठवून ठेवलं. सेतूनं सलोमीला आई परत दिली, आणि आईचा रागही परत दिला. त्यानंतर आई तिच्याशी कामापुरतं बोलायची. पण “सलू, दूध आलंय” असं म्हणायची. सलोमीला तेवढं पुरत होतं.

मग कंपनीनं सेतूच्या यंत्रणेत मोठा बदल केला. सगळ्या पेशंटांच्या चकत्यांमध्ये तो एका रविवारी आपोआप उतरला. त्या संध्याकाळी सलोमी भाजी घेऊन घरी आली, किल्लीनं दार उघडलं, आणि आईनं तिच्या अंगावर काठी उगारली. “कोण तू? माझ्या मुलीला काय केलंस?” शेजारीपाजारी धावून आले. सलोमी जितकं समजवायला जाई तितकी आई थरथर कापे. शेवटी शेजारणीनंच तिला बाहेर नेलं.

दुसऱ्या दिवशी तिनं बेल वाजवली. आईनं दार उघडून शांतपणे विचारलं, “कोण पाहिजे?” आणि सलोमीच्या तोंडून निघून गेलं, “मी कुंदा. चर्चमधून आलेय, तुम्हाला भेटायला.” यंत्रानं पाहिलं, या चेहऱ्याचं चालणारं कुठलंच नातं सापडत नाही. त्यानं नवी नोंद केली. नाव कुंदा, नातं मैत्रीण. रात्री सोबतीला रंजना थांबायला लागली आणि सलोमी ऑफिसजवळ एका भाड्याच्या खोलीत राहायला गेली.

ऑफिसात रोज नव्या तक्रारी येत होत्या. तासगावच्या एका आजोबांनी बायकोला स्वयंपाकघरात येऊ द्यायचं बंद केलं होतं. जतच्या एका बाईनं मुलाच्या हातचं पाणी घ्यायचं सोडलं होतं, विष घालेल म्हणून. ती आता दवाखान्यात सलाइनवर होती.

“आपल्याकडे तर चालतंय,” इक्बालभाई म्हणाला. इक्बाल शिकलगार सलोमीपेक्षा वयानं मोठा होता आणि कंपनीत तिच्याही आधीपासून होता. “चाचणीचे सगळे पेशंट आपल्या बायकांना ओळखतायत. माझी बायकोच तेवढी मला ओळख दाखवत नाही, पण तिला सेतू लावलेला नाही.”

“इक्बालभाई, ती जतची बाई मरेल.”

“माहितीये गं मला. म्हणून तर बडबडतोय. गप्प बसलो की तीच डोळ्यांसमोर येते.”

सलोमीनं स्क्रीन त्याच्याकडे वळवला. यंत्रणा चालताना आपल्या चुका टिपून ठेवते, त्यातली एक ओळ तिनं बोटानं दाखवली. तिच्या आईच्याच चकतीकडून ती आली होती.

“‘मुलगी’ला ‘मुलगी’ मानता येत नाही.”

इक्बालभाईनं चष्मा कपाळावर सरकवला. “आता यंत्रालाही विस्मरण झालं वाटतं. आंब्याला आंबा मानता येत नाही म्हणे. मग काय, फणस मानायचं?”

ती ओळ सगळ्या पेशंटांकडून येत होती. कुठे ‘नवरा’ला ‘नवरा’ मानता येत नव्हतं, कुठे ‘भाऊ’ला ‘भाऊ’. डेटाबेस धडधाकट होता, नोंदी जशाच्या तशा होत्या, नेटवर्क नीट होतं. साऱ्या टीमनं नोंदी तपासण्यात दिवस घालवले, आणि नोंदींत काही दोष नव्हताच.

वाट दाखवली ती रंजनाच्या फोननं. ती फक्त गोळ्या संपल्याचं सांगायला बोलत होती.

“आणि ताई, सिस्टरांची काही काळजी करू नका. मला बरोबर ओळखतात. काल म्हणाल्या, रंजना, तू मला धाकट्या बहिणीसारखी. मला तर रडूच आलं.”

“रंजना, तू आमच्याकडे कधीपासून येतेस?”

“काय ताई. तुम्हीच नाही का ठेवलं, ते काठीचं झालं त्यानंतर.”

सलोमी फोन हातात धरून बसून राहिली. काठीचं झालं त्यानंतर. म्हणजे बदलानंतर. रंजनाला ओळखतात. कुंदाला ओळखतात. बदलानंतर भेटलेलं प्रत्येक माणूस आईला आपलं वाटत होतं, आणि बदलाआधीचं एकही वाटत नव्हतं. शेजारी, पोस्टमन, चर्चचे पाळकसाहेब, कुणाचीच ऊब येत नव्हती. पण पोस्टमनबद्दल ऊब आली नाही तर कुणाच्या लक्षात येतं? जिथं ती यायलाच हवी, तिथंच तिचं नसणं बोचतं.

“इक्बालभाई,” ती म्हणाली, “शिदोरी काढली होती का आपण?”

इक्बालभाईनं तोंडाजवळ नेलेला चहाचा कप तसाच खाली ठेवला.

आता हे शिदोरीचं सावकाश समजून घेऊ.

सेतूची यंत्रणा जावा नावाच्या जुन्या संगणकभाषेत लिहिलेली होती. या भाषेत कुठलीही वस्तू घडवायची तर आधी तिचा साचा लागतो. भाषा त्याला क्लास म्हणते. ‘मुलगी’ हा एक साचा. त्यात ठरलेलं असतं की मुलगी म्हटलं की काय काय येतं. डेटाबेसमध्ये नातं जिवंत नसतं, नुसते आकडे आणि अक्षरं असतात, भिजवलेल्या मातीसारखी. ती माती साच्यात भरली की मूर्ती उभी राहते. साचे मात्र आपल्या पायांनी येत नाहीत. जिथं ठेवलेत तिथून ते उचलून आणायला एक हमाल लागतो. भाषा त्याला क्लासलोडर म्हणते.

आणि या भाषेचा एक कडक नियम आहे. साच्याची ओळख नुसत्या नावावरून पटत नाही. नाव आणि तो आणणारा हमाल, दोन्ही बघतात. एकाच नावाचे, एकाच मापाचे, रेघन्‌रेघ सारखे दोन साचे दोन वेगळ्या हमालांनी आणले, तर यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे साचे. एकातून काढलेली मूर्ती दुसऱ्याची म्हणून चालत नाही. हा नियम वेडेपणाचा नाही. कुणीही उठून खऱ्याच्या नावाचा खोटा साचा आत सरकवू नये, म्हणून तो केलेला आहे.

सेतू नवा होता तेव्हा जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागांत नेटवर्क सारखं जायचं. छोटीशी नोंद कशीबशी आली तरी आजीबाईंच्या चकतीला जड साचा मिळाला नाही तर नातू परका होणार. म्हणून टीमनं पद्धत पाडली की प्रत्येक पेशंटच्या सॉफ्टवेअरबरोबर सगळे साचे बांधून द्यायचे. त्याला ऑफिसात शिदोरी म्हणत. पुढे नेटवर्क सुधारलं, आणि बदल करताना सगळे साचे मधल्या एका कपाटात आणून ठेवले. सगळ्यांनी तिथूनच न्यायचे. तेव्हा शिदोऱ्या काढून टाकायला हव्या होत्या. पण वाटेला लागलेल्या माणसाच्या पिशवीतली भाकरी काढून घ्यायची कुणाला सवय असते? असू दे, कधी लागली तर, असं जो तो म्हणाला. इक्बालभाई म्हणाला होता, सलोमीही म्हणाली होती. चाचणीचे पेशंट मात्र सगळे नवे केलेले होते, त्यांना शिदोरी नव्हतीच. म्हणून ऑफिसात सगळं चालत होतं.

जुन्या प्रत्येक नोंदीवर शिदोरीतल्या साच्याचा शिक्का होता. ती उघडायला शिदोरीचा हमाल धावायचा, शिदोरीतल्या साच्यातून मुलगी उभी करायचा. दारात कपाटाच्या हमालाचा साचा घेऊन यंत्रणा बसलेली. नाव तेच, आकार तोच, पण हमाल दुसरा. ‘मुलगी’ला ‘मुलगी’ मानता येत नाही. नाव नुसती अक्षरं असतं, त्याला साचा लागत नाही, म्हणून नावाचा इशारा पुढे जायचा. उबेचा दारातच अडायचा. बदलानंतरच्या नोंदी मात्र सरळ कपाटातल्या साच्यातून घडलेल्या, म्हणून रंजना आणि कुंदा आत जात होत्या.

“म्हणजे भाकरीच आडवी आली,” इक्बालभाई हळू आवाजात म्हणाला.

मग त्यानं आपली खुर्ची सलोमीच्या स्क्रीनजवळ ओढली.

दुरुस्ती अवघड नव्हती. सगळ्या शिदोऱ्या काढायच्या, जुन्या नोंदींवरचे शिक्के बदलून त्या कपाटातल्या साच्यानं उघडतील असं करायचं. चाचणीसाठी त्यांनी या वेळी खऱ्या, शिदोरीवाल्या चकत्या घेतल्या, आणि ‘नवरा’ला ‘नवरा’ मानता यायला लागलं. सकाळी ही दुरुस्ती सगळीकडे सोडायची असं ठरलं.

मग सलोमीनं आईची नोंद उघडली, आणि तिला ते दिसलं.

सेतूचा एक नियम होता: एका चेहऱ्याला एकच नातं. दोन नात्यांची ऊब एकदम मेंदूत गेली तर पेशंटला झटका येऊ शकतो, म्हणून तो पहिल्यापासून होता. जुनी नोंद चालायला लागली की तीच खरी धरायची आणि त्या चेहऱ्याची नंतरची नोंद पुसून टाकायची. बाकीच्या घरांत पुसण्यासारखं काही नव्हतंच. करुणाबाईंच्या नोंदींत मात्र एकाच चेहऱ्याखाली दोन नावं होती. सलोमी, मुलगी. कुंदा, मैत्रीण.

इक्बालभाई तिच्या मागे येऊन उभा राहिला. कुंदाची गोष्ट ऑफिसात त्याला एकट्यालाच माहीत होती.

“त्यांची चकती वगळू का?” त्यानं विचारलं. “कुंदा राहील.”

“आणि सलोमीची वाट बघत बसेल ती. मी समोर बसलेली असताना.”

“मग दुसरं कर. कुंदाच्या नोंदीतली माया मुलीच्या नोंदीत ओत. दोन ओळींचं काम आहे. मी करतो, तू बघूही नकोस. चोरी थोडीच आहे? माया त्यांचीच, माणूसही तेच.”

सलोमीनं स्क्रीन बंद केला. तिनं पर्स उचलली.

“सकाळी सांगते,” ती म्हणाली.

दोन आखूड टोले. सपाता फरफटत आल्या.

त्या संध्याकाळी करुणाबाई खुशीत होत्या. खिडकीतून उजेड आत येत होता, आणि बाहेर कुणीतरी पोर सायकलची घंटी उगाच वाजवत होतं. त्यांनी पुडी पुढे केली.

“आज शेंगदाणे जास्त घालायला सांगितले रंजनाला. तू खात नाहीस, माहितीये. तरी.”

सलोमीनं या वेळी शेंगदाणे खाल्ले. करुणाबाई तिच्याकडे बघत राहिल्या.

“कुंदा, एक विचारू? तुझी आई आहे का गं?”

“आहे.”

“जातेस ना तिच्याकडे?”

“रोज जाते.”

“जात जा.” त्यांनी कानामागच्या चकतीला हात लावला, पदराची गाठ चाचपावी तसा. “हे माझ्या मुलीनं बसवलं. मला विचारून नाही बसवलं. फार राग आला होता मला. मी काय बोलले तिला, ते बोलायला नको होतं.”

“काय बोललात?”

“ते तुला कशाला सांगू? तिचं आणि माझं आहे ते.” त्यांचं बोट चकतीवरच होतं. “हे नसतं तर ह्यांचा चेहरा गेला असता माझ्या मनातून. थोरल्या बहिणीचा, शांताक्काचा गेला असता. तूही रोज नवीच वाटली असतीस, रोज तुला नाव विचारलं असतं. विसरण्यात सुटका असते असं मीच म्हणायचे. वॉर्डात उभी राहून म्हणत होते. पलंगावरून नव्हते म्हणत.”

सलोमीच्या हातातली पुडी चुरगळली. “मग तिला निरोप देऊ का, सिस्टर? तुम्ही असं म्हणालात म्हणून? मी शोधते तिला. सांगते.”

“नाही.” करुणाबाईंचा आवाज एकदम वॉर्डातला झाला. “अजिबात नाही. असली गोष्ट दुसऱ्याच्या हाती पाठवायची नसते. बाळ गेलं की ते आईला मी स्वतः जाऊन सांगायची, आयाबाईला नाही पाठवायची. तिच्याशी मी वाईट बोलले ते माझ्या तोंडानं. चांगलंही माझ्याच तोंडानं बोलीन. ती आली म्हणजे.”

“आणि राहून गेलं तर?”

“राहून गेलं तर राहून गेलं. पण तू मध्ये पडायचं नाही. शब्द दे.”

सलोमीनं शब्द दिला. आईला एकदा तिनं मान डोलावून फसवलं होतं, या वेळी तिनं तोंडानं म्हटलं, “नाही पडणार.” मग ती उठली, कपबशा विसळल्या, आणि निघताना वाकून करुणाबाईंचा हात आपल्या गालाला लावला. कुंदानं असं कधी केलं नव्हतं. करुणाबाईंनी तो हात काढून घेतला नाही.

“उद्या ये लवकर,” त्या म्हणाल्या.

सकाळी इक्बालभाई खुर्चीत बसून तिच्याकडे नुसता बघत होता. सलोमीनं मान हलवली. नाही.

“का पण? ओतू दे की ती माया.”

“ती कुंदाशी बोलली. माझ्याशी नाही बोलली अजून.”

“सलोमी, त्या आता बोलणारही नाहीत. पुसल्यावर त्यांना आठवणारच नाही की बोलायचं होतं.”

“माहितीये.”

“एवढा हट्ट कशासाठी?”

“एकदा तिच्या मनाविरुद्ध तिच्या डोक्यात हात घातला, इक्बालभाई. पुरे झालं.”

तिनं दुरुस्ती सोडली. सगळ्या चकत्यांना. एकही न वगळता. दुपारपर्यंत फोन यायला लागले. तासगावच्या आजोबांनी बायकोला हाक मारून चहा मागितला होता. जतची बाई मुलाच्या हातून दोन घोट पाणी प्यायली होती. ऑफिसात कुणीतरी पेढे आणले. सलोमीनं पेढा घेतला आणि टेबलावर कागदावर ठेवला.

दुपारी ती घरी गेली. या वेळी तिनं किल्लीनं दार उघडलं.

आई खुर्चीत बसली होती. तिनं वर पाहिलं. चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं, आणि सलोमीला कळलं, ऊब पोचली.

“सलू,” आई म्हणाली. सलोमी दारातच थांबली. मग आईचे ओठ घट्ट मिटले, नोंद करायच्या दिवशी मिटले होते तसे. “मिळाली का सवड? मी मेले की जिवंत आहे ते बघायला आलीस?”

“आई, मी...”

“हे काढ.” तिनं कानामागे बोट नेलं. “तेव्हाच सांगितलं होतं. वर्षभर सांगतेय. तुला कुणीतरी सलू म्हणावं, एवढ्यासाठी...”

“काढते,” सलोमी म्हणाली.

आई बोलता बोलता थांबली. या उत्तराची तिला सवय नव्हती.

“तुझ्या मनात असेल तर काढते. आज, उद्या, म्हणशील तेव्हा. काढल्यावर मी कोण ते तुला कळणार नाही. बाबांचा चेहराही जाईल. तरी तू म्हणालीस की काढीन. या वेळी नाही फसवणार.”

आईनं तिच्याकडे संशयानं पाहिलं. “बघू,” ती म्हणाली. “विचार करून सांगते.” आणि मान खिडकीकडे वळवली. पलंगावरून बघणं वेगळं आणि वॉर्डात उभं राहून बघणं वेगळं, हे तिनं काल उमजून सांगितलं होतं. आज ते तिच्याजवळ नव्हतं. ते फक्त सलोमीजवळ होतं, आणि सलोमीनं शब्द दिला होता.

रंजना भडंग ठेवून गेली. आईनं अर्धं खाल्लं आणि उरलेलं कागदात गुंडाळायला लागली. तिची बोटं सवयीनं चालत होती. सलोमीनं सहज हात पुढे केला तशी आईनं पुडी मागे ओढली.

“ते तुझं नाही.”

“मग कुणाचं?”

आई विचारात पडली. खूप वेळ पुडीकडे बघत राहिली. “येतं कुणीतरी,” ती म्हणाली. “संध्याकाळचं.”

“कोण?”

“आठवत नाही.” तिचा आवाज पडला. “चांगली आहे.”

‘मीच ती’ असं सलोमीच्या तोंडाशी आलं होतं. ते तिनं गिळलं. गोळ्या आणायच्या राहिल्यात असं सांगून ती खाली उतरली. औषधाच्या दुकानात गर्दी होती. गोळ्या घेऊन परत येईपर्यंत ऊन कलंडलं होतं, आणि गल्लीतलं पोर पुन्हा सायकलची घंटी वाजवत होतं. जिना चढताना तिच्या डोक्यात काहीच नव्हतं. दारापाशी आल्यावर बोट आपसूक वर गेलं.

दोन आखूड टोले.

आतून सपाता आल्या, नेहमीपेक्षा भराभर. दार उघडलं. आई दारात उभी होती, हातात भडंगाची पुडी, चेहरा उजळलेला.

तिनं सलोमीकडे पाहिलं.

“तू होय,” आई म्हणाली, आणि पुडी परत खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायला आत गेली.